गाडी वेगवान करण्याआधी ती थांबणार नाही हे पाहा

प्रश्न

मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या आणि वाहन उद्योगात नोकरी करणाऱ्या एका ३६ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना ते विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेच्या संघात होते. पिथमपूरच्या चार तासांच्या एन्ड्युरन्स, म्हणजे टिकाव धरण्याच्या, शर्यतीत त्यांची गाडी तिसऱ्या तासाला स्टिअरिंग आणि चाक जोडणारा टाय रॉड तुटून बंद पडली, ही खंत त्यांच्या मनात अजून आहे. आता त्यांनी चार मराठी मित्रांबरोबर १९९१ सालची, एका बाजूने ठोकलेली माझदा मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार स्वस्तात घेतली आहे. पुढच्या हंगामात साउथ हेवन येथील जिंजरमन ट्रॅकवर ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या हौशी शर्यतीत उतरण्याचा त्यांचा बेत आहे. वर्गणीतून जमलेले पैसे निम्म्याहून अधिक संपले आहेत. उरलेल्या पैशात इंजिन उघडून नव्याने बांधावे आणि चांगले शॉक अब्जॉर्बर घ्यावेत, असे त्यांना वाटते. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, म्हणजे रोल केज, मात्र दोघे मित्र घरीच वेल्डिंग करून बसवू म्हणतात. ज्या मित्राने सर्वाधिक पैसे घातले त्याला गाडी चालवण्याची पहिली आणि सर्वांत मोठी पाळी हवी आहे. संगणकावरच्या सिम्युलेटरवर तो सर्वांत वेगवान आहे. बाकीचे मित्र शनिवारी गॅरेजमध्ये येत नाहीत आणि सारे काम एकट्यावर पडते. घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि पत्नीला हा सगळा उद्योग धोक्याचा व खर्चिक वाटतो. पैसे कशावर घालावेत, मित्रांना कसे हाताळावे आणि मुळात पुढे जावे की नाही, हे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

तुमच्या पत्रात इंजिनाविषयी दोन पाने आहेत आणि माणसांविषयी अर्धे पान. माझे उत्तर याच्या बरोबर उलट्या प्रमाणात व्हावे असे मला वाटत होते, पण इंजिनाच्या मागे जो समज आहे तो आधी तपासल्याशिवाय पुढचे काही बोलता येणार नाही. तो समज असा, की गाडी वेगवान झाली म्हणजे शर्यतीची तयारी झाली.

लेमन्सच्या नावात २४ तास असले तरी बहुतेक शर्यती शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत, दिवसाच्या उजेडात होतात आणि प्रत्यक्ष धावण्याचा वेळ साधारण १४-१५ तासांचा असतो. मोजल्या जातात त्या पूर्ण केलेल्या फेऱ्या. आता १४ तास म्हणजे ८४० मिनिटे धरा आणि तुमची मियाटा जिंजरमनवर दोन मिनिटांत एक फेरी घेते असे समजा. एकदाही न थांबता ४२० फेऱ्या होतील. नवे इंजिन आणि नवे शॉक अब्जॉर्बर यांनी मिळून प्रत्येक फेरीत दोन सेकंद वाचवले, आणि तुमच्यासारख्या नवख्या संघासाठी हा अंदाज उदारच आहे, तर सगळ्या शर्यतीत मिळून ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटे वाचतात. हाती येतात सात फेऱ्या. पुढच्या चाकाचा हब बदलायला सराव असलेल्या हातांनाही अर्धा तास लागतो. रेडिएटरचा पाइप फुटला तर इंजिन थंड होऊ देणे, पाइप बदलणे, पाणी भरणे आणि आत अडकलेली हवा काढणे यांत पाऊण तास सहज जातो. वर्षभर राबून, सगळे पैसे ओतून मिळवलेली आघाडी एका क्लॅम्पपायी तिपटीने परत जाते.

हे तुम्हाला नवीन नाही, म्हणूनच पिथमपूरची आठवण मी पुढे आणते आहे. बाहामध्ये सर्व संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एकसारखे, दहा अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागत असे. इंजिनाचा फरकच नव्हता, तरीही चार तासांनी काही गाड्या धावत होत्या आणि काही बाजूला उभ्या होत्या. तुमची गाडी ज्या टाय रॉडमुळे थांबली त्याच्याकडे शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणी पाहिले होते का? तेव्हा तुम्ही विशीत होतात, आता पेशाने अभियंता आहात. तरी पत्रात तुम्ही पुन्हा शक्ती वाढवण्याविषयीच विचारले आहे, याचा शांतपणे विचार करावा अशी माझी विनंती आहे.

लेमन्सचे नियमही तुमच्या इंजिनाच्या बेताच्या विरोधात जातात. जे लॅम यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथे पहिली शर्यत भरवली तेव्हापासून या मालिकेचा पाया ५०० डॉलरची गाडी हाच आहे. सुरक्षेचे साहित्य, ब्रेक, चाके आणि टायर या मर्यादेत धरले जात नाहीत. इंजिन धरले जाते. शर्यतीआधी परीक्षक गाडी पाहतात, पावत्या विचारतात आणि मर्यादेवरच्या खर्चासाठी आरंभीच फेऱ्या वजा करतात; प्रत्येक १० डॉलरमागे एक फेरी हा त्यांचा प्रसिद्ध हिशेब. सात फेऱ्या कमावण्यासाठी हजार-दीड हजार डॉलरचे इंजिन घेऊन तपासणीला उभे राहिलात तर शंभरावर फेऱ्या गमावून सुरुवात करावी लागेल. शिवाय या मालिकेत सर्वांत मानाचे पारितोषिक सर्वाधिक फेऱ्या मारणाऱ्या गाडीला दिले जात नाही. जिच्याकडून कोणी काही अपेक्षिले नव्हते आणि तरी जी चिवटपणे धावत राहिली, अशा गाडीला दिले जाते. म्हणजे स्पर्धेच्या आयोजकांनीच टिकण्याला वेगापेक्षा वरचे स्थान दिले आहे.

तेव्हा इंजिन उघडू नका. कॉम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडरमधला दाब जवळपास सारखा असेल आणि तेल जळत नसेल तर ते जसे आहे तसे राहू द्या. मात्र गाडी १९९१ ची आहे, म्हणून एक गोष्ट आजच पाहा. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड होते. तिथला बोल्ट सैल झाला की कप्पी जागेवर धरणाऱ्या धातूच्या तुकड्याची, म्हणजे चावीची, खाच झिजते, कप्पी हलू लागते आणि शेवटी क्रँकशाफ्टच निकामी होतो. पुढच्या कप्पीच्या कडेला चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर सुधारित. चार निघाल्या तर बोल्ट, चावी आणि खाच नीट तपासल्याशिवाय एक डॉलरही दुसरीकडे खर्च करू नका.

यानंतर लक्ष द्यायचे ते पाण्याकडे. या गाडीचे इंजिन मुळात आडवे बसवण्यासाठी रचलेले होते. मियाटात ते उभे बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला आला आणि मागच्या सिलिंडरांभोवती पाणी कमी फिरते. रस्त्यावर हे जाणवत नाही, तासन्‌तास पूर्ण ताकदीने धावताना जाणवते. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जुन्या असतील तर त्या उन्हाने तपकिरी-पिवळ्या पडून ठिसूळ झालेल्या असतात; त्या दुरुस्त करत बसू नका, रेडिएटर बदला. सगळे रबरी पाइप, हीटरकडे जाणारे लहान पाइपसुद्धा, आणि सगळे क्लॅम्प नवे घाला. अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलयुक्त कूलंटला बंदी असते, कारण ते सांडले की डांबर निसरडे होते आणि लवकर साफ होत नाही. साधे पाणी आणि गंजरोधक द्रव यांवर गाडी चालवण्याची सवय आधीच लावा, मात्र मिशिगनच्या थंडीत गाडी ठेवण्यापूर्वी ते पाणी काढायला विसरू नका.

मूळच्या तापमान काट्यावर विश्वास ठेवू नये. तो बराच काळ मधोमध स्थिर राहील अशा रीतीनेच बनवलेला आहे आणि तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरे म्हणजे, पाणी पूर्ण निघून गेले तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. चालकाला वाटते, सगळे ठीक आहे. म्हणून तेलाच्या दाबासाठी आणि पाण्याच्या दाबासाठी प्रत्येकी एक मोठा लाल दिवा चालकाच्या नजरेसमोर लावा, आणि दिवा लागला की विचार न करता इंजिन बंद करायचे, मग ट्रॅकवर कुठेही असोत, हे पाचही जणांना पाठ करून द्या. दोन दिव्यांचा खर्च नगण्य आहे, आणि शर्यतीत वाचलेली इंजिने बहुधा अशाच दिव्यांनी वाचलेली असतात.

ब्रेकवरचा खर्च मर्यादेबाहेर आहे, त्यामुळे तिथे हात आखडता घेऊ नका. एन्ड्युरन्ससाठीचे पॅड घ्या, आणि ब्रेक ऑइल ताजे व उच्च उत्कलनबिंदूचे भरा. साध्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ते कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश असतो. गाडीत वर्षानुवर्षे पडून असलेले तेल या दुसऱ्या आकड्याकडे झुकलेले असते आणि ते उकळले की पेडल थेट जमिनीला टेकते. तापलेली गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्याच्या जागेत, आणल्यावर हँडब्रेक ओढू नये, चाकाला लाकडी ठोकळा लावावा. पुढचे हब या गाडीत ट्रॅकवर लवकर झिजतात, म्हणून दोन नवे बसवा आणि दोन सुटे सोबत ठेवा. चाकांचे नट प्रत्येक थांब्यावर टॉर्क पान्याने तपासा. शॉक अब्जॉर्बर गळत नसतील तर जुनेच चालतील.

आता रोल केज. पत्रातला हाच मुद्दा मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा वाटला. तुमचे मित्र कारखान्यात वेल्डिंगच्या प्रक्रियेवर देखरेख करतात, हे मी वाचले. देखरेख करणे आणि गाडीच्या आत उताणे पडून नळीच्या मागच्या बाजूने अखंड जोड काढणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि हे ते मित्रही मान्य करतील. नियमपुस्तिकेत नळीचा प्रकार, व्यास, जाडी, केजच्या पायांखालच्या पट्ट्या आणि दारांकडच्या नळ्या यांविषयी नेमके लिहिलेले आहे; शिवण असलेली साधी नळी चालत नाही. तपासणीत केज नापास झाला तर तुम्ही तीन तास गाडी ओढत नेऊन परत याल, हे त्यातल्या त्यात बरे. जोड कच्चा असूनही तो तपासणीतून सुटला तर काय होऊ शकते हे मी लिहिण्याची गरज नाही. मियाटा उघड्या टपाची आहे. गाडी उलटली तर चालकाच्या डोक्यावर त्या नळीखेरीज काही नसते. उरलेल्या पैशांवर पहिला हक्क केजचा आहे, आणि तो शर्यतीच्या गाड्यांचे केज नेहमी बनवणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावा.

त्यातही एक क्रम पाळा. आधी सीट पक्की करा, त्यात तुमच्यातला सर्वांत उंच मित्र हेल्मेट घालून बसवा, आणि मग केजचे माप घ्या. मियाटात उंच माणसाचे डोके नळीच्या वर जाते, आणि हे केज झाल्यावर लक्षात आले तर सगळेच वाया जाते. सर्वांत ठेंगण्या मित्रासाठी त्याच सीटमध्ये बसवायची गादी तयार करा. हेल्मेट मोटारसायकलचे चालत नाही. स्नेलचे एसए मानांकन लागते, कारण त्यातच आगीची चाचणी असते. मान सांभाळणारे उपकरण, आगरोधक पोशाख आणि सीटचे पट्टे यांवरची मानांकनाची पट्टी व तारीख खरेदीपूर्वी वाचा. जुने पट्टे स्वस्तात मिळतात ते बहुधा मुदत संपल्यामुळेच. मुख्य बंद-बटण दाबल्यावर बॅटरी तुटते पण अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहते, असे घरी जोडणी केलेल्या गाड्यांत वारंवार होते. म्हणून ते बटण इंजिन चालू असताना दाबून पाहावे. या सगळ्यामुळे ५०० डॉलरच्या गाडीमागे सुरक्षेचा खर्च कित्येक पटींनी होतो. तो टाळता येणारा खर्च नाही, प्रवेशाचीच ती किंमत आहे असे धरून चाला.

आता तुमच्या मित्रांकडे वळू. ते शनिवारी येत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. ती खरी असेल, पण मला एक विचारायचे आहे. तुम्ही त्यांना काय सांगून बोलावता? ‘या, मदत करा’ एवढेच सांगत असाल तर ते येतात, तुमच्या मागे उभे राहतात, पाना हातात देतात आणि चहा घेऊन परत जातात, कारण गाडी तुमच्या डोक्यात आहे, त्यांच्या हातात नाही. लग्नघरात काम होते ते ‘मदत कर’ म्हटल्याने होत नाही. ‘पाण्याचे तू बघायचेस’ असे एकाला सांगितले की त्या दिवशी पाण्याचा मालक तोच असतो. तसे करा. ब्रेक आणि चाके एकाची. पाणी आणि तेल दुसऱ्याचे. पेट्रोल, अग्निशामक नळकांडे आणि पिटमधला क्रम तिसऱ्याचा. सुटे भाग, हत्यारे, रेडिओ, नोंदवही चौथ्याची. तुम्ही इंजिनाला हात लावता त्या सहजतेने दुसऱ्याच्या विभागाला हात लावायचा नाही, त्याला उशीर झाला तरी नाही. तुमच्यासारख्या कष्टाळू माणसाला हेच सर्वांत जड जाईल. परंतु शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गाडीत बसलेले असताना पिटमध्ये निर्णय घेणारा दुसरा कोणीतरी लागतो, आणि तो त्या दिवशी अचानक तयार होत नाही.

सर्वाधिक पैसे घालणाऱ्या मित्राचा प्रश्न वेगळा आहे. त्याची मागणी चूक आहे असे मी म्हणत नाही. पैसे घेताना तुम्ही कोणीच अट बोलला नाहीत, म्हणून त्याने आपल्या परीने ती गृहीत धरली. पैसा आणि पाळी यांचा संबंध आताच, लेखी, तोडून टाका. जास्तीची रक्कम संघाने त्याच्याकडून घेतलेले कर्ज आहे, असे माना आणि गाडी विकली जाईल तेव्हा ती आधी त्याला परत करा. चालवण्याची वेळ पाचांना सारखी. पहिल्या पाळीविषयी त्याला एक वस्तुस्थिती सांगता येईल. लेमन्समध्ये रांगेने उभे राहून सुरुवात होत नाही. सगळ्या गाड्या पिवळ्या निशाणाखाली फिरत राहतात आणि मग कधीतरी हिरवे निशाण पडते, त्यामुळे पहिल्या पाळीत आघाडी मिळवणे असे काही नसतेच. असते ती गर्दी, थंड टायर आणि उत्साहाने भरलेले नवखे चालक. ही पाळी तुमच्यातल्या सर्वांत शांत माणसाला द्या. पत्रात ज्या चौथ्या मित्राविषयी तुम्ही फक्त ‘तो फारसा बोलत नाही, पण गाडी नीट चालवतो’ असे एकच वाक्य लिहिले आहे, त्याचा विचार करा.

सिम्युलेटरचा सराव मी कमी लेखत नाही. वळणाची रेषा, ब्रेकची खूण, ट्रॅकची ओळख हे त्यातून खरोखर येते. परंतु शरीराला जाणवणारा वेग, हेल्मेटमधला घाम, आरशात वाढत जाणारी दुसरी गाडी आणि तिला मुकाट्याने पुढे जाऊ देण्याची तयारी हे त्यात येत नाही. आणि हौशी एन्ड्युरन्समध्ये चालकाचे निम्मे कसब दुसऱ्याला पुढे जाऊ देण्यातच असते. कोणाला धक्का लागला, चाके ट्रॅकबाहेर गेली, पिवळ्या निशाणाखाली ओलांडले, की काळे निशाण दाखवून गाडी आत बोलावली जाते आणि शिक्षेचा वेळ घड्याळावर चालूच राहतो. म्हणून घरचा एक नियम करा. एका दिवसात एकाच चालकाला दुसरे काळे निशाण मिळाले तर त्या दिवशी तो पुन्हा गाडीत बसणार नाही, पैसे कितीही घातलेले असोत. हा नियम आज केलात तर तो कोणाच्या विरोधात नसेल. शर्यतीत केलात तर एका मित्राच्या विरोधातच असेल.

नुकसानभरपाईचेही असेच. ‘जो ठोकेल तो भरेल’ हे ऐकायला न्याय्य वाटते, पण माझा त्याला विरोध आहे. पैसे भरावे लागतील या भीतीने चालक कडेला बसलेला धक्का सांगत नाही, वाकलेल्या सस्पेन्शनसह गाडी पुढच्या मित्राच्या हाती देतो, आणि वेगाने वळताना त्याची किंमत दुसराच मोजतो. गाडी ट्रॅकवर उतरली त्या क्षणी तिची किंमत शून्य झाली असे पाचांनी मान्य करावे, सर्व नुकसान सामायिक ठेवावे, आणि त्याबदल्यात प्रत्येक चालकाने गाडीतून उतरताच काय ऐकू आले, काय हलले, कशाला लागले हे वहीत लिहून द्यावे.

पाळी किती मोठी असावी, हे पेट्रोल आणि शरीर मिळून ठरवतात. तुमच्या गाडीची टाकी ४५ लिटरची आहे. शर्यतीच्या वेगाने मियाटा तासाला साधारण २० ते २३ लिटर पिते, आणि टाकी तळाला आली की वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन अडखळते. त्यामुळे दीड ते पावणेदोन तास ही सुरक्षित मर्यादा समजा. मिशिगनच्या दमट उन्हाळ्यात, आगरोधक पोशाखात, एवढा वेळ माणसालाही पुरेसा आहे. पाळीच्या आधीपासून पाणी पीत राहावे, तहान लागल्यावर सुरू करू नये. पेट्रोल भरताना इंजिन बंद, चालक गाडीबाहेर, एकजण अग्निशामक नळकांडे हातात धरून उभा, भरणारा पूर्ण पोशाखात, आणि त्या वेळी गाडीवर दुसरे कोणतेही काम नाही. हा क्रम तुमच्या घरासमोर रिकाम्या डब्यांनी घटवून घ्या, पट्टे बांधणे आणि रेडिओची तार जोडणे यांसह. पिटमध्ये धावपळ करून वाचलेला अर्धा मिनिट कोणाच्या लक्षात राहत नाही, न बांधलेला पट्टा मात्र पुन्हा आत यायला लावतो.

तुमच्या पत्नीच्या आक्षेपाला तुम्ही ‘परवानगी मिळत नाही’ असे म्हटले आहे. मला तो परवानगीचा प्रश्न वाटत नाही. त्यांनी तीन रास्त प्रश्न विचारले आहेत: जीव सुरक्षित आहे का, पैसा कुठे थांबणार, आणि शनिवार कधी परत मिळणार. पहिल्याचे उत्तर म्हणून त्यांना केजचे काम आणि पट्ट्यांवरच्या तारखा दाखवा. त्याचबरोबर विमा तपासा. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतले नुकसान भरत नाही हे जवळजवळ गृहीतच आहे, पण आयुर्विमा आणि नोकरीतून मिळणारा अपघात विमा यांत शर्यतीला वगळणारे कलम आहे का हे कागद वाचूनच कळेल. कलम असेल तर ते पत्नीला सांगितल्याशिवाय गाडीत बसू नका. दुसऱ्यासाठी एक आकडा ठरवा आणि तो ओलांडायची वेळ आली तर गाडी विकायची, असे दोघांनी मिळून लिहून ठेवा. तिसऱ्यासाठी महिन्यातले दोनच शनिवार घ्या. कामाची वाटणी झाली की तेवढे पुरतात.

पुढे जायचे की नाही हे ठरवण्याआधी एक मधला मार्गही आहे, आणि ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही अशा वाचकांना तर मी तोच आधी सुचवेन. अनुभवी संघ आपल्या गाडीतली एक जागा ठरावीक रकमेला देतात. तशी जागा घ्या, किंवा जिंजरमनच्या एखाद्या शर्यतीत दुसऱ्या संघाच्या पिटमध्ये दोन दिवस राबा. कोण काय मोडते, कोण कोणावर ओरडते, रात्री किती वाजता गिअरबॉक्स खाली उतरवला जातो, हे तिथे दिसते. तुमच्या घराजवळ क्लार्क्स्टनला वॉटरफर्ड हिल्स ट्रॅक आहे. पाचही जणांनी आपापल्या रोजच्या गाडीने सरावाच्या दिवशी तिथे एकदा तरी जावे, आणि सिम्युलेटरवाल्या मित्राने प्रशिक्षकाला शेजारी बसवून जावे.

माझे मत विचाराल तर पुढे जा, पण तारीख लवचिक ठेवा. नवखे संघ शर्यतीच्या आदल्या रात्रीपर्यंत गाडी बांधत बसतात आणि तिची पहिली खरी चाचणी शर्यतीच्या पहिल्या तासातच होते. तुम्ही शर्यतीच्या सहा आठवडे आधीची एक तारीख पक्की करा. त्या दिवसापर्यंत गाडीने सरावाच्या ट्रॅकवर एक पूर्ण टाकी पेट्रोल संपवलेले असले पाहिजे, पाचही चालकांनी तिच्यात बसून पाळी बदललेली असली पाहिजे, आणि त्यानंतर गाडी जॅकवर चढवून प्रत्येक नट, प्रत्येक रबरी आवरण, प्रत्येक टाय रॉड तपासलेला असला पाहिजे. हे झाले नाही तर प्रवेश पुढच्या शर्यतीसाठी ढकला. उरलेल्या पैशांचा क्रम आधी केज, सीट आणि पट्टे, मग रेडिएटर व पाइप, मग ब्रेक आणि हब, आणि काही शिल्लक राहिले तर वर्षाचे दोन-तीन सरावाचे दिवस, असा ठेवा. पट्ट्यांपर्यंत पोहोचतानाच पैसे संपले, तर हिवाळ्यात गाडी झाकून ठेवा आणि पुढच्या वर्गणीपर्यंत थांबा.